मेंदूतील जाळी आणि रोजची गोळी



मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगा आणि तो बंद करण्यासाठी बसविली जाणारी स्टेंट नावाची जाळी, हा आजचा विषय आहे. मेंदूचे नाव काढताच माणूस घाबरतो, हे मी जाणते. मी डॉक्टर नाही, निवृत्त परिचारिका आहे. परिचर्येची पदविका घेतली आणि उभे आयुष्य रुग्णांच्या उशाशी काढले. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या खोलीत काय घडते, त्याहून रुग्ण घरी परतल्यावर काय घडते याकडे माझे लक्ष अधिक असते. या विशिष्ट उपचाराचे यश तर बरेचसे घरातच ठरते. तेच आज समजावून सांगावयाचे आहे.

सिंगापूरमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी अ‍ॅन्युरिझम हा शब्द प्रथम २०१६ साली ऐकला असेल. त्या वर्षी १२ मे रोजी तेव्हाचे अर्थमंत्री हेंग स्वी कीट मंत्रिमंडळाच्या बैठकीतच कोसळले. डॉक्टरी शिकलेले सहकारी तेथेच होते. त्यांनी तत्काळ मदत केली आणि रुग्णवाहिकेने त्यांना टॅन टॉक सेंग रुग्णालयात नेले. तपासणीत मेंदूतील अ‍ॅन्युरिझममुळे झटका आल्याचे दिसले. प्रथम मेंदूवरील दाब कमी करण्यात आला आणि मग तो अ‍ॅन्युरिझम बंद करण्यात आला. जूनच्या अखेरीस ते घरी परतले, ऑगस्टमध्ये कामावर रुजू झाले आणि २०१९ साली उपपंतप्रधान झाले. वेळेवर मदत मिळाली तर या आजारातून माणूस किती पूर्ण बरा होऊ शकतो, याचे हे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आहे. मात्र इतके सुदैव सर्वांच्या वाट्याला येत नाही. फुटलेल्या अ‍ॅन्युरिझमने पुष्कळ माणसे रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच दगावतात. म्हणूनच फुगा फुटण्यापूर्वी तो बंद करता आला तर काय, या प्रश्नावर गेली अनेक दशके वैद्यकशास्त्र काम करीत आले आहे.

फुगा येतो म्हणजे काय?

सायकलची जुनी ट्यूब आठवा. रबर एके ठिकाणी विरले की हवेच्या दाबाने तेथे फुगवटा येतो. ट्यूब चालू राहते, सायकलही धावते. पण तो फुगवटा दिवसेंदिवस पातळ होत जातो. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या धमनीचे असेच होते. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे आहे. त्याला विलिसचे वर्तुळ म्हणतात. या कड्यावर जेथे धमनीला फाटा फुटतो, तेथे रक्ताचा प्रवाह सतत आदळत असतो. भिंत तेथे कमकुवत असली की बाहेर फुगते आणि लहानशी पिशवी तयार होते. यालाच अ‍ॅन्युरिझम किंवा धमनीविस्फार म्हणतात. पिशवी बहुधा काही मिलिमीटरांची, म्हणजे मुगाच्या किंवा वाटाण्याच्या दाण्याएवढी असते. क्वचित ती बोराएवढी किंवा त्याहूनही मोठी होते.

दर १०० प्रौढ माणसांपैकी सुमारे तिघांच्या मेंदूत असा फुगा असतो, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र पाहता दिसते. बहुतेकांना तो कधीच कळत नाही आणि बहुतेकांचा तो कधीच फुटत नाही. पन्नाशीनंतर स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांहून अधिक आढळते. धूम्रपान आणि वाढलेला रक्तदाब हे त्याचे दोन मोठे शत्रुवत मित्र. आई-वडील, भावंडे किंवा मुले यांपैकी दोघांना हा आजार झाला असेल, किंवा मूत्रपिंडात अनेक गाठी होण्याचा आनुवंशिक विकार घराण्यात असेल, तर डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. अशा घरांत त्रास नसतानाही तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो.

फुगा फुटला तर रक्त मेंदूच्या आवरणाखाली पसरते. त्याची खूण अशी, की क्षणार्धात डोके इतके भयंकर दुखू लागते की आयुष्यात तसे कधी दुखलेले नसते. ते हळूहळू वाढत नाही, वीज कोसळावी तसे येते. त्याबरोबर उलटी, मान ताठणे, उजेड सहन न होणे, एक पापणी अचानक खाली येणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही होऊ शकते. अशा वेळी घरातील अ‍ॅस्पिरिन देऊ नका. त्याने रक्तस्राव वाढू शकतो. झोप काढली की बरे वाटेल, असे म्हणू नका. एकदा फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असतो. सिंगापूरमध्ये ९९५ हा क्रमांक फिरवा. शुक्रवारची संध्याकाळ असो की दरफाळणीचा सण असो, थांबू नका. पिकुआह नेफेश, म्हणजे जीव वाचविणे, यापुढे शब्बाथही बाजूला ठेवावा ही आपल्या धर्माचीच आज्ञा आहे. दूरध्वनी उचलणारा हात त्या वेळी शब्बाथ मोडत नसतो.

चिमट्यापासून तारेपर्यंत

मेंदूतील धमन्या जिवंत माणसात दिसू लागल्या त्या १९२७ पासून. लिस्बन येथील डॉक्टर एगास मोनिझ यांनी क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य धमनीत सोडून त्यांची छायाचित्रे घेतली. पुढे १९३७ साली बाल्टिमोर येथे वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून फुग्याच्या मानेवर चांदीचा चिमटा बसविला. फुग्याची मान चिमटली की त्यात रक्त जाणे थांबते. ही शस्त्रक्रिया आजही होते. चिमट्याचा धातू आणि घडण आता बदलली आहे. पण तत्त्व तेच आहे आणि काही फुग्यांसाठी आजही तोच उत्तम मार्ग आहे.

१९९० साली लॉस एंजेलिस येथे इटालियन डॉक्टर ग्विडो गुलिएल्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवटी न उघडता उपचार केला. जांघेतील धमनीतून अतिशय बारीक नळी मेंदूपर्यंत नेली आणि त्या नळीतून प्लॅटिनमची मऊ तार फुग्यात सोडली. तार आत वेटोळे घालते आणि सौम्य विद्युत्प्रवाहाने तिला मागच्या दांडीपासून सोडविता येते. या तारेला कॉइल म्हणतात. फुगा कॉइलने भरला की आतील रक्त गोठते आणि फुग्यावरील दाब उतरतो.

चिमटा बरा की कॉइल, हे ठरविण्यासाठी अनेक देशांतील २,१४३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. या सर्वांचा फुगा फुटलेला होता आणि दोन्ही उपचार शक्य होते. वर्षभरानंतर मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी झालेल्या रुग्णांचे प्रमाण कॉइलच्या गटात १०० मागे सुमारे २४ आणि शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे ३१ होते. तेव्हापासून कॉइलचा मार्ग जगभर रुळला.

मग स्टेंटची गरज का पडली? काही फुग्यांची मान अरुंद असते, मडक्याच्या गळ्यासारखी; त्यांत भरलेली तार आतच राहते. काहींचे तोंड मात्र परातीसारखे पसरट असते. त्यात तार भरली तर ती घरंगळून मूळ धमनीत येईल, तेथे रक्त गोठेल आणि अर्धांगाचा झटका येईल. अशा फुग्यांसाठी स्टेंट आला.

हृदयातील स्टेंट आणि मेंदूतील स्टेंट

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या बहुतेक घरांत कोणाच्या तरी हृदयात स्टेंट असतो. त्यामुळे मेंदूत स्टेंट घालणार असे कळले की लोक म्हणतात, ‘नस तुंबली असेल.’ हृदयात साचलेल्या चरबीने अरुंद झालेली धमनी आतून ताणून उघडी ठेवण्यासाठी स्टेंट बसवितात. अ‍ॅन्युरिझममध्ये धमनी तुंबलेली नसते. रक्त व्यवस्थित वाहत असते. तेच रक्त बाजूच्या पिशवीत शिरून तिला फुगवीत असते. म्हणून हृदयातील स्टेंट रस्ता उघडतो आणि मेंदूतील हा स्टेंट बाजूचे दार लावतो.

हे दार लावण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत विरळ विणीची जाळीदार नळी फुग्याच्या तोंडासमोर धमनीत बसवितात. ती कुंपणाचे काम करते. तार फुग्यात भरतात आणि कुंपण तिला बाहेर येऊ देत नाही.

दुसरी पद्धत याहून वेगळी आहे. तीत दाट विणीची नळी वापरतात. तिला प्रवाह वळविणारा स्टेंट म्हणतात. पाइपलाइन या नावाच्या अशा स्टेंटला अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळाली. केसाहूनही बारीक ४८ तारा विणून तो बनविलेला असतो. फुग्यात बहुधा काहीही भरावे लागत नाही.

हे कसे घडते, ते समजण्यासाठी आपल्या अलिबागकडील एखादी खाडी किंवा शेतातला पाट डोळ्यांपुढे आणा. पाटाच्या काठाला खळगा पडला आहे आणि वाहते पाणी त्यात घुसून घुसून काठ कोरते आहे. खळग्याच्या तोंडाशी दाट विणलेला कूड लावला तर पाणी पूर्ण अडत नाही, पण त्याचा जोर मोडतो. मुख्य प्रवाह पाटातून सरळ पुढे जातो. खळग्यातले पाणी संथ होते, गाळ खाली बसतो आणि काही काळाने खळगा भरून येतो. फुग्यातही तसेच होते. प्रवाह मंदावला की आतील रक्त हळूहळू गोठते आणि पुढे ती गुठळी आकसते. त्याच वेळी धमनीच्या आतील अस्तराच्या पेशी जाळीवर पसरू लागतात. मांडवावर वेल चढावा तशा त्या ताराताराने पुढे सरकतात आणि शेवटी जाळी झाकून टाकतात. फुग्याच्या तोंडावर अशी नवी, जिवंत भिंत उभी राहते. मूळ धमनीच्या लहान शाखा जाळीखाली आल्या, तरी त्यांना रक्ताची सतत ओढ असल्यामुळे त्या बहुधा चालू राहतात.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. जाळी एका दिवसात बसते, पण ही भिंत उभी राहण्यास महिने लागतात. गळ्यातील मोठ्या धमनीच्या वरच्या भागातील मोठ्या आणि अवघड फुग्यांवर या स्टेंटची जी सुरुवातीची मोठी चाचणी झाली, तीत सहा महिन्यांनी सुमारे ७४ टक्के फुगे पूर्ण बंद झाले होते आणि वर्षअखेर सुमारे ८७ टक्के. त्याच चाचणीत ५.६ टक्के रुग्णांना त्या बाजूचा मोठा झटका आला किंवा मेंदूच्या कारणाने मृत्यू आला. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवूनच या उपचाराचा विचार करावा. तो प्रभावी आहे आणि त्यात धोकाही आहे.

उपचाराच्या दिवशी

बहुधा पूर्ण भूल दिली जाते. जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून नळी आत जाते. डॉक्टर क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत तिला मेंदूपर्यंत नेतात. मिटलेल्या छत्रीसारखी बारीक झालेली जाळी योग्य जागी नेऊन उघडली जाते. डोक्यावर एकही टाका पडत नाही.

या वेळी रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन नावाचे औषध शिरेतून देतात. ते सामान्यतः डुकराच्या आतड्यापासून बनवितात. आपल्या काही वडीलधाऱ्यांना हे कळताच चिंता वाटते. आपला निषेध खाण्याचा आहे आणि जीव वाचविण्यासाठी दिलेल्या इंजेक्शनाला रब्बी आडकाठी करीत नाहीत. शंका असल्यास ती आधीच रब्बींना विचारून घ्यावी, म्हणजे ऐनवेळी मनाला रुखरुख राहत नाही.

शुद्धीवर आल्यानंतर रुग्णाला काही तास उताणे झोपवितात आणि पाय दुमडू देत नाहीत. परिचारिका पुन्हा पुन्हा येऊन जांघ पाहते, पायाची नाडी तपासते, हात दाबायला सांगते, नाव आणि वार विचारते. रात्री तिसऱ्यांदा नाव विचारले की रुग्ण चिडतात. पण जीभ अडखळते का, एक हात हलका पडतो का, हे लगेच कळण्याचा तोच मार्ग असतो. नातेवाइकांनी त्या वेळी ‘त्यांना झोपू द्या’ असे म्हणू नये. सर्व सुरळीत असेल तर रुग्ण थोड्याच दिवसांत घरी जातो. डोक्यावर जखम नसते, चेहरा पूर्वीसारखाच असतो आणि सर्वांना वाटते की झाले, आता काळजी मिटली. धोक्याचा काळ तेथूनच सुरू होतो.

दोन गोळ्या

धमनीत धातू आला की रक्तातील रक्तबिंबिका, ज्यांना प्लेटलेट म्हणतात, त्याला चिकटू लागतात. जखम झाली तर रक्त थांबविण्याचे त्यांचे कामच आहे. पण जाळीवर त्या जमल्या तर गुठळी होऊन मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. पेशींचे अस्तर जाळी झाकून टाकीपर्यंत त्यांना दूर ठेवावे लागते. त्यासाठी दोन गोळ्या देतात: अ‍ॅस्पिरिन आणि बहुधा क्लोपिडोग्रेल. त्या उपचारापूर्वी काही दिवस सुरू होतात. दोन्ही मिळून साधारणपणे तीन ते सहा महिने घ्याव्या लागतात आणि त्यानंतर अ‍ॅस्पिरिन दीर्घ काळ चालते. नेमकी मुदत रुग्णागणिक बदलते. ती आपले डॉक्टरच ठरवितात.

क्लोपिडोग्रेलचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. यकृताने तिचे रूपांतर केल्यावरच ती काम करते आणि हे रूपांतर करण्याची क्षमता काहींत जन्मतःच कमी असते. पूर्व आशियाई लोकांत असे प्रमाण युरोपीय लोकांहून अधिक आहे आणि आपल्या भारतीयांतही ते आढळते. म्हणून अनेक ठिकाणी रक्ताची चाचणी करून गोळी लागू पडते का ते पाहतात आणि पडत नसेल तर दुसरी देतात. आम्लपित्तासाठी घरोघरी घेतली जाणारी ओमेप्राझोल ही गोळीदेखील क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करते. सांधेदुखीसाठी आयब्युप्रोफेन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. गिंकोसारख्या चिनी औषधी वनस्पती सिंगापूरमध्ये सहज मिळतात; त्यांबाबतही डॉक्टरांना सांगावे. मुंबईहून कोणी आणून दिलेली, डब्यात नाव नसलेली गोळी तर घेऊच नये.

माझ्या परिचयातील एका गृहस्थांची हकीकत सांगते. जाळी बसवून पाच आठवडे झाले होते. दात घासताना हिरड्यांतून रक्त येई, हातावर निळे डाग पडत. ‘रक्त फार पातळ झाले आहे, चार दिवस गोळ्या बंद ठेव,’ असा सल्ला शेजाऱ्याने प्रेमापोटी दिला. त्यांनी दोन्ही गोळ्या बंद केल्या. पाचव्या दिवशी सकाळी चहाचा कप उजव्या हातातून निसटला आणि शब्द फुटेना. जाळीवर गुठळी झाली होती. ते वाचले, चालतात-फिरतात. पण किद्दूश म्हणताना आजही मध्येच थांबतात आणि शेजारी बसलेला नातू पुढचा शब्द सांगतो. हिरड्यांतून येणारे थोडे रक्त हा या गोळ्यांचा अपेक्षित परिणाम होता. डॉक्टरांना एक दूरध्वनी केला असता तर मऊ ब्रश वापरण्यास सांगितले गेले असते.

म्हणून घरातील प्रत्येकाने काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जाळी बसविणाऱ्या डॉक्टरांच्या सांगण्याखेरीज या गोळ्या एक दिवसही बंद करावयाच्या नाहीत. दात काढावयाचा असो, डोळ्याचे किंवा पोटाचे ऑपरेशन असो, त्या दुसऱ्या डॉक्टरांनी ‘बंद करा’ म्हटले तर त्यांना जाळीच्या डॉक्टरांशी बोलण्याची विनंती करावी. तातडीचे नसलेले काम काही महिने पुढे ढकलता येते. दरफाळणीच्या सणाचा उपवास असेल तर डॉक्टर आणि रब्बी या दोघांनाही आधीच विचारावे. उपवासासाठी गोळी चुकविण्याचा निर्णय आपला आपण घेऊ नये. प्रवासाला निघताना गोळ्या हातातील पिशवीत ठेवाव्यात, सामानात टाकू नयेत. मुंबईतील मुक्काम लांबला तर संपण्यापूर्वीच नव्या आणाव्यात. शौच काळे होणे, नाकातून रक्त न थांबणे किंवा डोक्याला मार लागणे या खुणा दिसताच रुग्णालय गाठावे. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे या खुणा दिसल्या तर पुन्हा ९९५.

यावरूनच आणखी एक गोष्ट उलगडते. फुगा फुटून रक्तस्राव झालेला असेल तर डॉक्टर शक्यतो स्टेंट टाळतात. ज्या मेंदूत रक्त सांडले आहे, ज्याचा दाब उतरविण्यासाठी आणखी शस्त्रक्रिया करावी लागेल, त्याच रुग्णाला रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या देणे अवघड असते. तेथे आधी कॉइल किंवा चिमटा यांचा विचार होतो. निरुपाय झाला तरच, तोलून-मापून, स्टेंट वापरतात. शांतपणे, आधी ठरवून, न फुटलेल्या फुग्यासाठी करावयाचा हा प्रामुख्याने उपचार आहे.

प्रत्येक फुग्याला जाळी लागत नाही

हल्ली आरोग्यतपासणीचे मोठे संच विकले जातात. त्यात एम. आर. आय. होते आणि कधी चक्कर येते म्हणून काढलेल्या चित्रात तीन मिलिमीटरचा फुगा सापडतो. त्या दिवसापासून घरची झोप उडते. अशा वेळी घाईने होकार देऊ नये आणि घाईने नकारही देऊ नये. जपानमध्ये सुमारे ५,७०० रुग्णांच्या न फुटलेल्या फुग्यांवर लक्ष ठेवून २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व फुगे एकत्र धरता फुटण्याचे प्रमाण वर्षाला १ टक्क्याहून किंचित कमी होते. ते आकाराप्रमाणे वाढत जाई. सात मिलिमीटर आणि त्याहून मोठे फुगे अधिक फुटत. फुग्याची जागा आणि त्यावर आलेला आणखी एखादा छोटा फुगवटा यांनीही फरक पडे.

म्हणजे पंच्याहत्तर वर्षांच्या आजीच्या लहान, स्थिर फुग्यावर लक्ष ठेवणे आणि तिचा रक्तदाब ताब्यात आणणे हा पूर्ण विचारांती दिलेला उपचार असू शकतो. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचा नऊ मिलिमीटरचा फुगा ही वेगळी गोष्ट. त्याच्यापुढे धोक्याची पुष्कळ वर्षे आहेत. डॉक्टरांकडे जाताना प्रश्न लिहून न्यावेत. फुगा किती मोठा आहे आणि कोठे आहे? काहीच केले नाही तर धोका किती, आणि उपचाराचा धोका किती? चिमटा, कॉइल आणि स्टेंट यांपैकी काय शक्य आहे? आपण असे किती उपचार केले आहेत? गोळ्या किती काळ घ्याव्या लागतील आणि तेवढा काळ त्या घेणे या रुग्णाला जमेल का? ज्याला जठराचा व्रण आहे, जो वारंवार पडतो किंवा ज्याच्या गोळ्यांकडे पाहणारे घरी कोणी नाही, त्याच्यासाठी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो.

सिंगापूरमध्ये राष्ट्रीय मेंदूविज्ञान संस्था १९९९ पासून काम करीत आहे. टॅन टॉक सेंग आणि सिंगापूर जनरल या दोन्ही रुग्णालयांच्या आवारात तिचे डॉक्टर असतात. खर्चाचा विचारही आधीच करावा. २०१५ च्या नोव्हेंबरपासून सुरू झालेला मेडिशील्ड लाइफ हा विमा नागरिकांना आणि कायम रहिवाशांना लागू आहे. कामाच्या परवान्यावर आलेल्या आपल्या तरुण कुटुंबांना तो नाही. त्यांनी आपल्या कंपनीच्या विम्यात अशी जाळी आणि तिची किंमत धरली आहे का, ते वाचून पाहावे. भारतात असलेल्या नातेवाइकांसाठीही एक सूचना. २०१७ च्या फेब्रुवारीत भारत सरकारने स्टेंटच्या किमतीवर जी मर्यादा घातली, ती हृदयाच्या स्टेंटपुरती आहे. मेंदूच्या स्टेंटचा खर्च त्या हिशेबाने धरू नये.

जाळी बसल्यावर रुग्णालय एक छोटे कार्ड देते. त्यावर जाळीचे नाव आणि तारीख असते. ते पैशांच्या पाकिटात ठेवावे. पुढे कधी एम. आर. आय. करण्याची वेळ आली की तंत्रज्ञाला ते दाखवावे. आजच्या या जाळ्यांसह ठरावीक अटी पाळून ती तपासणी करता येते. त्या कार्डामागे दोन्ही गोळ्यांची नावे, त्या सुरू केल्याची तारीख आणि डॉक्टरांनी सांगितलेली मुदत स्वच्छ अक्षरांत लिहावी. तशीच एक चिठ्ठी स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी. सहा महिन्यांनी आणि वर्षाने होणाऱ्या तपासणीचे दिवस घरातील दिनदर्शिकेवर सणांच्या तारखांबरोबरच मांडावेत. फुगा बंद झाला असे त्या तपासणीत दिसेपर्यंत, रोज सकाळी ‘गोळ्या घेतल्या का?’ हे विचारण्याचे काम घरातील एका माणसाने आपल्याकडे घ्यावे. ते काम नातवंडांनाही जमते आणि आजीला त्यांनी विचारलेले आवडते.

परमेश्वर आपणा सर्वांना आरोग्य देवो. शालोम.